बघतो, करतो, होऊन जाईल

या महिन्यात एमबीए करणाऱ्या मुलामुलींचे मेल जास्त आलेत. कारण सरळ आहे, पहिलं वर्ष संपलं की दोन महिन्यांची समर इंटर्नशिप लागते आणि कॉलेजात प्रेझेंटेशनला टाळ्या घेणारी मुलं ऑफिसात पहिल्याच आठवड्यात गप्प होतात. मी 19 वर्षं कंपन्यांत काम केलं, आधी प्लॅनिंगला आणि मग सेल्स ट्रेनिंगला, आता आठवड्यातून दोन दिवस एका कॉलेजात शिकवते, त्यामुळे दोन्हीकडून हे बघितलंय. सहा प्रश्न निवडलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई, मी लातूर जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पुण्यात एमबीए मार्केटिंग करतोय. इंटर्नशिपमध्ये मीटिंगला सगळे इंग्लिशमध्ये बोलतात. मला समजतं सगळं, पण बोलायला गेलो की आधी मनात मराठीत वाक्य येतं आणि ते इंग्लिश करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. सर म्हणाले, तू फारच शांत आहेस. इंग्लिश सुधारेपर्यंत काय करू?

इंग्लिश सुधारेपर्यंत थांबू नकोस, हे पहिलं. इंग्लिश सुधारायला दीड-दोन वर्षं लागतात, रोज बोललं तर, आणि तुझ्याकडे आठ आठवडे आहेत त्यातले दोन गेलेत. इंग्लिशचा सराव चालू ठेवच, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस.

मीटिंगच्या आदल्या रात्री वहीत फक्त दोन वाक्यं लिही, जी तू उद्या बोलणारच आहेस. त्यातलं एक प्रश्न असू दे कारण प्रश्न छोटा असतो आणि प्रश्न विचारणाऱ्याचं व्याकरण कोणी तपासत नाही. आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून मोकळा हो, कारण जितका वेळ गप्प बसशील तितकं तोंड उघडणं जड होतं, हे मी वर्गात दरवर्षी बघते.

दुसरं म्हणजे आकडे. माझ्याकडे एक मुलगा होता, बीडकडचा, तुझ्यासारखाच. रिव्ह्यू मीटिंगमध्ये त्याने मोडक्या इंग्लिशमध्ये एवढंच सांगितलं, फॉर्टी शॉप्स, ट्वेंटी-सिक्स नो स्टॉक, डिस्ट्रिब्युटर व्हॅन ओन्ली ट्यूजडे. चार वाक्यांची जागा होती, त्यात क्रियापद एकही नव्हतं. पण रिजनल मॅनेजरने लॅपटॉप बाजूला केला आणि विचारलं, कुठली 26 दुकानं. पुढचा अर्धा तास मीटिंग त्या मुलाच्या वहीवरच चालली, आणि मग त्याला हिंदीत बोलायला सांगितलं ते पण साहेबांनीच. तू बाजारात फिरतोस, एसीत बसणाऱ्यांना जे माहीत नाही ते तुला माहीत आहे, ते सांग.

आणि एक काम स्वतःहून मागून घे, मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, लिहायचं. कोणालाच नको असतं ते. पण जो मिनिट्स लिहितो त्याला मध्येच थांबवून विचारायचा हक्क मिळतो की सर, हे कोण करणार आणि कधीपर्यंत? नवख्या माणसाला मीटिंगमध्ये एवढा चांगला प्रश्न दुसरा मिळत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मेल गेला की लोकांना तुझं नाव आपोआप माहीत होतं.

मी एफएमसीजी कंपनीत (साबण, बिस्किटं अशा रोजच्या वस्तूंची कंपनी) इंटर्न आहे, सोलापूर भागात. माझे मेंटॉर मेलला उत्तरच देत नाहीत. चार दिवसांपूर्वीचा मेल सोबत पाठवलाय, यात काय चुकलं?

तुझा मेल तीनदा वाचला. व्याकरणाची एकही चूक नाही. 14 ओळी आहेत. पहिल्या ओळीत तो नेहमीचा 'आय होप धिस मेल फाइंड्स यू वेल', मग तुझं नाव, कॉलेज, प्रोजेक्टचं पूर्ण शीर्षक, मग आत्तापर्यंत काय काय केलं, मग संधी दिल्याबद्दल आभार, आणि अकराव्या ओळीत येतं की संबंधित डेटा मिळाल्यास उपकृत होईन, शेवटी 'प्लीज डू द नीडफुल'.

आता तुझ्या मेंटॉरचा दिवस डोळ्यासमोर आण. एरिया सेल्स मॅनेजर माणूस, सकाळी दहाला पंढरपूर-सांगोला रस्त्यावर एका चहाच्या टपरीवर उभा आहे, हातात फोन आहे, शेजारी डिस्ट्रिब्युटर क्लेम अडकलाय म्हणून तक्रार करतोय. फोनवर त्याला मेलच्या वरच्या तीन-चार ओळी दिसतात. त्यात नमस्कार आणि कॉलेज. संध्याकाळी बघू म्हणून तो पुढे जातो आणि महिनाअखेर असली तर ती संध्याकाळ येतच नाही. त्याने उघडून वाचला तरी पुढे अडतोच, कारण कुठला डेटा? प्रायमरी, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल, की सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरने दुकानांना विकलेला? कुठले महिने? कधीपर्यंत? त्याला उलट तीन प्रश्न विचारावे लागतील, आणि ज्या मेलला उत्तर द्यायला आधी प्रश्न विचारावे लागतात तो मेल सगळ्यात शेवटी उघडला जातो.

असा लिहून बघ. सब्जेक्टमध्येच टाक, पंढरपूर आणि बार्शी, जानेवारी ते मार्च सेकंडरी सेल्स, गुरुवारपर्यंत हवा. आणि आत, सर, शुक्रवारच्या रिव्ह्यूसाठी या दोन डिस्ट्रिब्युटरचा जानेवारी ते मार्चचा सेकंडरी सेल्स दुकानानुसार हवा आहे. तुमच्याकडे नसेल तर कोणाकडे मागू ते सांगा, मी फोन करते. आत्तापर्यंतच्या कामाची माहिती खाली दिली आहे. झालं. दुसरं वाक्य विसरू नकोस, त्यामुळे त्यांना टपरीवर उभ्या उभ्या नुसतं एक नाव टाइप करून मोकळं होता येतं.

अमेरिकन सैन्यात पत्र आणि मेमो लिहायचा हाच नियम आहे, मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत, कारण वाचणाऱ्याकडे वेळ नसतो. आपल्याला शाळेत उलटं शिकवलं, आधी मायना, मग प्रस्तावना, मग विषय, आणि शेवटी विनंती. ते अर्जाला ठीक होतं.

तरी उत्तर नाही आलं तर जेंटल रिमाइंडर पाठवत बसू नकोस, फोन कर. सेल्सची माणसं फोनवर जगतात. मार्केट संपवून परत निघालेले असतात तेव्हा, साडेसहा-सातला.

ताई, मी फायनान्स इंटर्न, नाशिक. मागच्या आठवड्यात मी दिलेल्या एक्सेल शीटवरून साहेबांनी प्रेझेंटेशन केलं आणि वरच्या लोकांना दाखवलं. काल रात्री माझ्या लक्षात आलं की बेरजेत सबटोटलची ओळ पण धरली गेलीये, एका ब्रँचचा खर्च दोनदा मोजला गेला. अजून कोणाला कळलेलं नाही. पीपीओ (इंटर्नशिपवरूनच मिळणारी नोकरीची ऑफर) जाईल अशी भीती वाटते. सांगू का, आणि सांगायचं तर कसं?

आजच सांग. हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत उशीर होईल म्हणून तुला मेलवर आधीच कळवलंय, पण इथे सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही.

25 जानेवारी 1990 ची गोष्ट आहे. कोलंबियातल्या बोगोटाहून मेडेयीन मार्गे न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं विमान, फ्लाइट 52, आत 158 माणसं. न्यूयॉर्कला हवा खराब, विमानांची रांग, यांना आकाशात तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाच्या वर घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. रेडिओवर को-पायलट बोलत होता, त्याने आम्हाला प्रायॉरिटी द्या असं सांगितलं, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण इमर्जन्सी हा शब्द उच्चारला नाही. उतरायचा पहिला प्रयत्न फसला तेव्हा कॅप्टनने त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं की त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत, आणि त्याने कंट्रोलरला सांगितलं ते असं की आम्ही परत प्रयत्न करतो, आणि इंधन संपत आलंय. कॅप्टनने विचारलं, सांगितलंस का? तो म्हणाला, हो सर, सांगितलं. कंट्रोलरच्या कानावर दिवसभर सगळीच विमानं इंधनाबद्दल बोलत असतात, इमर्जन्सी म्हटलं की मात्र बाकी सगळं बाजूला सारून जागा करून देतात. थोड्या वेळात चारही इंजिनं बंद पडली, विमान लाँग आयलंडवर एका टेकडीवर कोसळलं, 73 माणसं गेली.

मी हे प्रत्येक बॅचला सांगते आणि सांगताना मला दरवेळी तो 'हो सर, सांगितलं' ऐकू येतो. त्या माणसाचं इंग्लिश पुरेसं होतं (लातूरच्या मित्रा, तू पण हे वाच). त्याला वाटलं की आपण सांगितलंय. मोठ्या माणसाला अडचण सांगताना आपली जीभ आपोआप मऊ होते आणि त्या मऊपणात मुख्य शब्दच गळून पडतो.

आपल्या मराठीत तर याची फार सोय आहे. जरा प्रॉब्लेम आहे. थोडंसं मागेपुढे झालंय. बघतो. करतो. होऊन जाईल. कोण करणार, कधी करणार, काही नाही, होऊन जाईल. आणि चूक झाली की राहून गेलं. 'मी केलं नाही' म्हणायच्या जागी 'राहून गेलं', जसं काही ते काम स्वतःच्या पायाने चालत मागे राहिलं. तुझ्याच पत्रात बघ, सबटोटलची ओळ धरली गेलीये, खर्च मोजला गेला. कोणी धरली, कोणी मोजला?

मी प्लॅनिंगला नवीन होते तेव्हा एका शुक्रवारी मला दिसलं की कार्टनचा स्टॉक सोमवार दुपारपर्यंतच पुरेल. मी साहेबांना जाता जाता म्हणाले, सर पॅकिंग मटेरियलचा थोडा इश्यू वाटतोय, बघते मी. ते बरं म्हणाले. सोमवारी पॅकिंग लाईन सहा तास बंद राहिली, 30-35 कंत्राटी बायका गेटपाशी बसून होत्या, त्यातल्या निम्म्या जणींचा त्या दिवसाचा रोज बुडाला. मला कोणी फार बोललं नाही, पण त्या गेटपाशी बसलेल्या बायका मला अजून दिसतात. सर, सोमवारी दुपारी दोनला कार्टन संपणार, आज ऑर्डर नाही गेली तर लाईन बंद पडेल, एवढं एक वाक्य होतं ते.

तर तू काय म्हणायचं, ते असं. समोर जाऊन सांग, मेल नंतर. सर, मागच्या बुधवारच्या शीटमध्ये मी चूक केलीय, एका ब्रँचचा खर्च मी दोनदा धरला, त्यामुळे एकूण खर्च इतक्या रुपयांनी जास्त दिसतोय. दुरुस्त शीट ही आहे, बाकीच्या बेरजा मी परत तपासल्यात, तुमच्या अमुक नंबरच्या स्लाइडवरचा आकडा बदलेल. वरच्या लोकांना तुम्ही कळवणार की मी मेलचा ड्राफ्ट करून देऊ? आणि मग थांब. सॉरी एकदाच म्हण. पाच वेळा सॉरी म्हटलं की त्यांना स्वतःचं टेन्शन बाजूला ठेवून तुझीच समजूत काढावी लागते.

पीपीओ मिळेलच असं मी सांगू शकत नाही, ते त्या साहेबांवर आहे. पण तोच आकडा तीन महिन्यांनी ऑडिटमध्ये त्यांना दुसऱ्या कोणी दाखवला तर काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ऑफिसमध्ये बॉसला नावाने हाक मारायची की सर म्हणायचं? आणि मराठीत बोलताना तू की तुम्ही?

पहिले दोन दिवस नुसतं ऐक, बाकीचे काय म्हणतात ते. हिंजवडीच्या आयटी कंपनीत सर म्हटलं तर लोक अवघडतात आणि कारखान्यात नावाने हाक मारलीस तर सगळा मजला वळून बघेल. मराठीत तुम्हीच म्हण, समोरचा स्वतःहून अरे तू म्हण म्हणेपर्यंत. आणि ऑफिस बॉयला, सिक्युरिटीच्या काकांनाही तुम्हीच म्हण, हे मात्र दोन दिवस वगैरे न बघता पहिल्या दिवसापासून.

मी टीममधली एकटी मुलगी. मी मीटिंगमध्ये काही सुचवलं की शांतता. पाच मिनिटांनी तेच टीममधला मुलगा बोलला की मॅनेजर म्हणतात गुड पॉइंट. मी हळू बोलते का, की माझं मांडणंच चुकतंय?

तुला भास होत नाहीये, आधी हे ऐक. माझ्या वर्गातल्या मुली दर बॅचला हेच सांगतात आणि माझ्याशीही हे झालंय. यात सगळी चूक तुझ्या मांडणीची नाही, कोण काय बोललं याकडे लक्ष ठेवणं हे मीटिंग चालवणाऱ्याचं काम आहे आणि तो ते करत नाहीये.

बराक ओबामांच्या पहिल्या टर्ममध्ये व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकाऱ्यांनाही हाच अनुभव यायचा, त्यांनी आपसात ठरवलं की एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिचं नाव घेऊन परत सांगायचा, म्हणजे तो कोणाचा आहे ते सगळ्यांच्या कानावर पडेल. तू एकटी आहेस, पण हे करायला मुलगीच लागते असं नाही. टीममधल्या एका चांगल्या मुलाशी बोल, तो बोललेला मुद्दा तू त्याचं नाव घेऊन उचल, तुझा त्याने उचलावा. बऱ्याच मुलांच्या हे लक्षातच आलेलं नसतं आणि सांगितलं की ते मनापासून करतात.

तुझ्या हातात आहे ते पण सांगते. मुद्दा आदल्या दिवशी दोन ओळींत मॅनेजरला मेल कर, उद्या मी हे मांडणार आहे म्हणून. मग मीटिंगमध्ये तो मुद्दा तुझ्या नावाने आधीच त्यांच्या डोक्यात असतो. दुसऱ्याने उचलला तर लगेच, आवाज न चढवता, हो, मी मगाशी हेच म्हणाले होते, त्यात एक भर घालते, आणि खरंच भर घाल. आणि 'एक छोटासा पॉइंट आहे', 'माझं चुकत असेल पण' ही सुरुवात सोडून दे, तू स्वतःच छोटासा म्हटल्यावर कोण कशाला मान वर करून बघेल. एवढं करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मॅनेजरशी एकटीने बोल, आणि बोलताना 'नेहमी असं होतं' असं नको, मंगळवारच्या मीटिंगमध्ये प्राइसिंगचा मुद्दा आणि शुक्रवारी रिटर्नचा, असे दोन प्रसंग घेऊन जा.

मी ऑपरेशन्सचा विद्यार्थी, वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात इंटर्न. प्रोजेक्ट आहे मशीन शॉपमधला वेळ कमी करणं. ऑपरेटर माझ्याशी बोलतच नाहीत, विचारलं की सगळं ओके आहे म्हणतात. ते माझ्यापेक्षा 20-25 वर्षांनी मोठे आहेत. त्यांना कसं बोलतं करायचं?

तू हातात स्टॉपवॉच आणि क्लिपबोर्ड घेऊन गेलास ना पहिल्या दिवशी? मला खात्री आहे. मशीनवरच्या माणसाला स्टॉपवॉचचा अर्थ एकच माहीत आहे, टार्गेट वाढणार नाहीतर माणसं कमी होणार. त्याने याआधी दोन-तीन वेळा ते भोगलेलं असतं. तेव्हा तो ओके म्हणतोय ते तुला टाळायला नाही, घर सांभाळायला म्हणतोय.

दोन-तीन दिवस काही न लिहिता जा. फर्स्ट शिफ्टला, शिफ्ट सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी. सुपरवायझरला सोबत घेऊन जाऊ नकोस, त्याच्यासमोर कोणी बोलणार नाही. मामा म्हणतात की दादा की आडनावाने हाक मारतात ते ऐकून तसंच म्हण. डबा कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर खा. आणि तुझा प्रोजेक्ट काय आहे, रिपोर्ट कोणाकडे जाणार, हे खरं खरं सांगून टाक, विचारायच्या आधी. त्यातून माणसं कमी होणार का असं विचारलं तर, आणि विचारतीलच, तुला माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, उगाच नाही नाही असं काही नाही म्हणू नकोस. मग तुझ्या गाइडला जाऊन तेच विचार, आणि जे उत्तर मिळेल ते परत येऊन सांग.

प्रश्न पण बदल. एका जॉबला वेळ का लागतो असं विचारलं की ते आरोपासारखं ऐकू येतं. मामा, हे मशीन सगळ्यात जास्त त्रास कधी देतं? असं विचार. मी एकदा एका ऑपरेटरना असं विचारलं होतं, त्यांनी काही न बोलता मला मशीनमागे नेलं आणि दाखवलं की सेटिंग बदलताना लागणारी ॲलन की (बोल्ट फिरवायची छोटी चावी) टूल रूममध्ये असते, शॉपच्या दुसऱ्या टोकाला, दरवेळी जाऊन सही करून आणावी लागते. दिवसाला चार सेटिंग. ते आठ वर्षं चालत होते. ही गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हती कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आणि तुझा रिपोर्ट इंग्लिशमध्ये असणार. सबमिट करायच्या आधी एका दुपारी डब्याच्या वेळेला त्यांना तो मराठीत सांग, पानं उलटत, तुमच्याबद्दल इथे हे लिहिलंय, इथे हे लिहिलंय, असं. काही चुकीचं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करतील. ज्याने तुला अडचण दाखवली त्याला आधी विचार, नाव टाकू का, काहींना हवं असतं, काहींना अजिबात नको असतं.